वीस रुपयांत डॉक्टर मिळतो की नुसता शिक्का?



महाराष्ट्रात कत्तलीआधी जनावर तपासण्याचे सरकारी शुल्क 2024 मध्ये 200 रुपयांवरून 20 रुपयांवर आणले गेले. वीस रुपयांत हल्ली धड दोन कटिंग चहा येत नाहीत!

यात गोवंशाचा वाद घुसडू नका. राज्यात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही 2015 पासून बंदी आहे. हा प्रश्न म्हशी-रेड्यांच्या मांसाचा, म्हणजे कायदेशीर विकल्या जाणाऱ्या अन्नाचा आहे.

केंद्राचे 2001 चे कत्तलखाना नियम बजावतात की पशुवैद्यकाने तासाला 12 आणि दिवसाला 96 पेक्षा जास्त जनावरे तपासू नयेत. म्हणजे जनावरामागे पाच मिनिटे. तेवढ्यात ताप बघायचा, चाल बघायची, तोंड उघडून लाळ्या खुरकुताचे फोड शोधायचे, कास चाचपायची, म्हैस गाभण नाही ना याची खात्री करायची. कारण गाभण जनावर कापायला मनाई आहे. आता हिशेब मांडा. दिवसभर राबून 96 जनावरे तपासली, तर जमा होतात 1,920 रुपये. त्यात डॉक्टरचा पगार, मदतनीस, गाडी, दप्तर भागवायचे. उरलेला भार तुमच्या-आमच्या करावर पडतो, नाहीतर पाच मिनिटांची तपासणी पाच सेकंदांत उरकली जाते.

शुल्क वाढले की व्यापारी ते शेतकऱ्याच्या भाकड म्हशीच्या भावातून कापणार, हे आम्हालाही कळते. गल्लीतल्या खाटकाला ते झेपणार नाही, हेही कळते. पण निर्यातीचे कंटेनर भरणारा कारखाना आणि हा खाटीक एकाच पंगतीला कशासाठी? ब्रिटनमध्ये कत्तलखान्यांकडून तपासणीचे पैसे तासावर घेतात, लहानांना सूट देतात. अमेरिकेत नेहमीच्या वेळेतला खर्च सरकार उचलते, जादा वेळेचा कारखान्याच्या माथी. दोन्हीकडे बिल कोणाच्या नावावर आहे, ते स्पष्ट आहे.

आमची मागणी सरळ आहे. मोठ्या कारखान्यांकडून तपासणीचा पूर्ण खर्च वसूल करा. खाटकाचे वीस रुपये वीसच ठेवा, मात्र तिथे डॉक्टर सरकारने पुरवावा.

वाचकहो, माहिती अधिकाराच्या अर्जावर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावा आणि आपल्या नगरपालिकेला विचारा: गेल्या वर्षी जनावरे किती कापली, डॉक्टर किती होते, तपासणीत नापास किती ठरली? नापासच्या रकान्यात बारा महिने शून्यच दिसले, तर तो कागद घेऊन आमदारांचे दार ठोठावा.