ओसरीवरून : कुंभारकन्येचें नांव

आमची नात येथील महाविद्यालयांत शिकते. यंदाच्या स्नेहसंमेलनांत एकपात्री प्रवेश करावयाचें तिनें ठरविलें आणि रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर पात्राचें नांव जाहीर केलें, 'मीडिया'. "म्हणजे वर्तमानपत्रें का गं?" असें सौभाग्यवतीनें विचारतांच सारे हंसले, परंतु कथा ऐकल्यावर कोणी हंसेना.

ग्रीक पुराणांतील ही राजकन्या. जेसन नांवाच्या परक्या वीरासाठीं तिनें बापाचें घर सोडलें व त्याला सोनेरी लोंकर मिळवून दिली. पुढें त्यानें कॉरिंथच्या राजकन्येशीं लग्न मांडलें, तेव्हां सूडाच्या भरांत तिनें स्वतःचींच मुलें मारलीं. युरिपिडीस या नाटककारानें इ. स. पूर्व ४३१ मध्यें हें नाटक अथेन्सच्या स्पर्धेंत आणलें. त्याला तिसरा, म्हणजे शेवटचा क्रमांक मिळाला.

माझ्या तोंडून निघून गेलें, "बाळ, सीता-सावित्री असतां पोटच्या पोरांना मारणारी ही बाई कशाला?" नात शांतपणें म्हणाली, "आजोबा, मी तिला निर्दोष ठरवीत नाहीं. तिचें म्हणणें पुरतें ऐकून घ्या, एवढेंच माझें मागणें आहे."

हें उत्तर माझ्या मनांत कित्येक दिवस घोळत राहिलें. ग्रीकांच्या रंगभूमीवर स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. आपल्याकडेही बहुतेक तेंच होतें. १९२० सालीं खाडिलकरांच्या 'द्रौपदी' नाटकांत द्रौपदी झाले ते बालगंधर्व. त्यापूर्वीं, १९०७ सालच्या 'कीचकवधां'त, सैरंध्रीची विटंबना पाहतांना प्रेक्षकांना पारतंत्र्यांतील देश दिसे व कीचकाच्या ठिकाणीं लॉर्ड कर्झन दिसे. सरकारनें १९१० सालीं त्यावर बंदी घातली. मोठें कार्य झालें यांत शंका नाहीं. परंतु सैरंध्री देशाचें प्रतीक झाली आणि तिचें स्वतःचें दुःख बाजूला राहिलें.

त्याच १९०७ सालीं खाडिलकरांनीं प्रमिलेच्या स्त्रीराज्याची पुराणकथा घेऊन 'बायकांचें बंड' लिहिलें. त्याला १९१३ सालीं उत्तर आलें तें एका गृहिणीच्या लेखणींतून; गिरिजाबाई केळकरांचें 'पुरुषांचें बंड'. याच गिरिजाबाई १९२८ सालीं नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षा झाल्या. तेव्हां नातीचा उद्योग सर्वस्वीं परदेशी आहे असें म्हणण्याची सोय राहिली नाहीं.

आतां माझी स्वतःची गोष्ट सांगतों. मीं बत्तीस वर्षें संस्कृत शिकविलें. सभापर्वांतील द्रौपदीचा प्रश्न, धर्मराज आधीं स्वतःस हरले कीं मला, हा युक्तिवादाचा नमुना म्हणून मी फळ्यावर मांडून देत असें. 'युगान्त' या १९६७ सालच्या ग्रंथांत इरावतीबाई कर्वे यांचें म्हणणें असें कीं, त्या भयंकर प्रसंगीं पंडितेप्रमाणें कायदा काढणें हीच द्रौपदीची चूक. तिनें क्षात्रधर्माच्या नांवानें दयेसाठीं व शालीनतेसाठीं आक्रोश करावयास हवा होता. मला हें पटत नाहीं. आक्रोशाकडे सभेला कानाडोळा करतां येतो. प्रश्नाला उत्तर द्यावें लागतें, आणि न दिल्यास सभेचें मौन उघडें पडतें. धर्माची गति सूक्ष्म आहे असें म्हणून भीष्मही थबकले. कौरवांपैकीं एकटा विकर्ण काय तो उठून बोलला. परंतु इतक्या वर्षांत मीं मुलांना एकदांही विचारलें नाहीं कीं, हा प्रश्न विचारणारी स्त्री त्या क्षणीं कोणत्या अवस्थेंत उभी होती. एकवस्त्रा, केसांना धरून ओढून आणलेली. तिचा तर्क मीं शिकविला. ती स्वतः राहून गेली.

नातीनें मग दुसरी एक कथा सांगितली. पेनेलपी ही ग्रीकांची पतिव्रता; तिनें वीस वर्षें पतीची वाट पाहिली. पति परतला, तिला मागणी घालणाऱ्यांना त्यानें मारलें, आणि त्यांच्याशीं संबंध ठेवल्याबद्दल घरांतील बारा दासींना फांस दिला गेला. कॅनडाच्या मार्गारेट अ‍ॅटवुडबाईंनीं २००५ सालीं ही कथा नव्यानें लिहिली व २००७ सालीं ती रंगभूमीवर आली. तींत त्या बारा जणी बोलतात.

मला विदुराची आई आठवली. व्यासांकडे पुन्हां जाण्याचें अंबिकेला धैर्य झालें नाहीं, म्हणून तिनें आपल्या जागीं दासी पाठविली. महाभारतानें त्या दासीला दास्यांतून मुक्त केलें, विदुरासारखा पुत्र दिला. नांव मात्र दिलें नाहीं.

हें मी मोठ्या विद्वत्तेनें सांगत असतां सौभाग्यवती म्हणाली, "इतक्या लांब कशाला जातां? आपल्या गड्ड्याच्या यात्रेंतली कुंभारकन्या विसरलांत काय?"

सोलापुराबाहेरील वाचकांसाठीं सांगतों. सिद्धरामेश्वरांशींच विवाह करीन असा एका कुंभारकन्येनें ध्यास घेतला. ते योगी, त्यांनीं आपल्या योगदंडाशीं विवाह करण्याची तिला अनुज्ञा दिली. त्या विवाहाच्या अक्षता भोगीच्या दिवशीं संमतीकट्ट्यावर सात नंदीध्वजांच्या साक्षीनें अजूनही पडतात. संक्रांतीला होम होतो आणि साडी व मंगळसूत्र घातलेली बाजरीची पेंढी कुंभारकन्येचें प्रतीक म्हणून अग्नीला अर्पण होते.

"पन्नास वर्षें मी भक्तीनें अक्षता टाकतें आहें," सौभाग्यवती पुढें म्हणाली. "लग्न तिचें, अग्नीही तिचाच, आणि तिचें नांव मला ठाऊक नाहीं. त्या दिवशीं तिच्या आईला काय वाटलें असेल, तेंही कोणी सांगत नाहीं."

ओसरीवर कोणीच बोललें नाहीं. पन्नास वर्षें अक्षता टाकावयास मीही तिच्याबरोबर जात होतों. हा प्रश्न तिच्या मनांत आहे हें मला त्या रात्रीं प्रथम कळलें.

मीडिया यंदा ठरलीच आहे. तिला आतां माझी हरकत नाहीं. पुढच्या वर्षींचा प्रवेश आजी सांगणार आणि नात लिहिणार आहे. माझ्याकडे काम आलें आहे तें शुद्धलेखन तपासण्याचें.