ट्रॅक्टरवाल्याची कार

‘ट्रॅक्टर चालवणाऱ्याला कार काय शिकवायची?’ हा समज वाशीम जिल्ह्यातल्या इंझोरीसारख्या गावांत पक्का आहे. मला तो पटत नाही.

शेतात ट्रॅक्टर उभा असताना गिअर टाकायचा, हाताने रेस लावायची, की नांगरटी होईस्तोवर त्याला हात लावायचं काम नाही. कित्येक ट्रॅक्टरांच्या गिअरबॉक्समध्ये वेग जुळवून देणारी सिंक्रोमेशची सोय नसते. चालत्यात गिअर बदलायला गेलं, की दाते खरखरतात. मोटारीत ही सोय १९२८ साली कॅडिलॅकने आणली. त्याआधीचे ड्रायव्हर एकेका गिअरला दोनदा क्लच दाबत.

कारचं सगळं गणित पायात. इंजिन मिनिटाला सात-आठशे फेरे घेतंय, चाकं मात्र उभी. या दोघांची गाठ क्लचप्लेट घासत घासत घालते. पाय झटक्यात सुटला की गाडी उडी मारून बंद. ट्रॅक्टरचा खालचा गिअर एवढा हळू, की असा आडदांडपणा तो खपवून घेतो. कार खपवून घेत नाही. मग शेजारी बसलेले काका ओरडतात, ‘‘हयूहयू सोड ना बाप्पा!’’ दुसरी खोड म्हणजे गाडी चालू लागल्यावरही पाय क्लचवरच ठेवायचा. त्यात प्लेट झिजते आणि खर्च बापाच्या डोक्यावर बसतो.

आपल्याकडचा लायसन्सचा कायदाही गमतीचा आहे. दुचाकीला गिअरची आणि बिनगिअरची अशी वेगळी नोंद असते, कारला नाही. ऑटोमॅटिकवर परीक्षा देऊन उद्या गिअरची गाडी काढली तरी कायद्याने चालतं. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर पास झालेल्याला गिअरची गाडी चालवता येत नाही. मला तो नियम शहाणपणाचा वाटतो.

माझं निरीक्षण असं, की घरातल्या पोरी क्लच लवकर पकडतात. त्यांच्या हाती ट्रॅक्टर कोणी दिलेलाच नसतो, त्यामुळे मोडायला जुनी सवय नसते. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं, पक्क्या परीक्षेआधी ३० दिवस जावे लागतात. म्हणजे सरावाला वेळ मिळतो. सोयाबीन घरात आलं, की मानोरा-कारंजा रस्त्याऐवजी आधी रिकाम्या वावरात गाडी न्या. आणि पोराबरोबर पोरीचंही लायसन्स काढा.