कपाळ नव्हे, कागद!



घरचा कर्ता पुरुष शिक्षा होऊन तुरुंगांत गेला, कीं आपण म्हणतों, "कपाळींच होतें!" मग भटजी ग्रह दाखवतो, सावकार सातबारा मागतो, आणि दलाल सांगतो, "नागपूरचें काम, लाखाखालीं होत नाहीं." तिघांचेंही पोट आपल्या अज्ञानावर भरतें. शिक्षा कपाळीं लिहिलेली नसते, कागदावर असते. आणि वरचें कोर्ट तो कागद बदलूं शकतें.

पण त्याला मुदत आहे. वाशीमच्या सेशन्स कोर्टाची शिक्षा असेल, तर फांशीखेरीज इतर शिक्षेवर नागपूर खंडपीठांत ६० दिवस. मॅजिस्ट्रेटची असेल, तर सेशन्स कोर्टांत ३० दिवस. सोयाबीनची सोंगणी टाकून मानोऱ्याच्या तांड्यावरची बाई तेवढ्यांत कोणाकोणाचे उंबरे झिजवील?

१९७८ सालीं होसकोट खटल्यांत सुप्रीम कोर्टानें बजावलें, कीं निकालाची नक्कल कैद्यास वेळेवर व फुकट द्या. तो गरीब असेल, तर अपिलासाठीं लायक वकील सरकारी खर्चानें द्या. तो कैदी विद्यापीठांत शिकवणारा होता, तरी नक्कल हातीं आली नाहीं ही त्याची तक्रार! मग अंगठा उठवणाऱ्याची काय कथा?

१९८७ च्या कायद्यानें कोठडींतील माणसाला असा वकील मिळतो. त्याचें उत्पन्न पाहिलें जात नाहीं. पण जो वकील कैद्याला न भेटतां कागद पुढें सरकवतो, तो मदत करीत नाहीं, मदतीचें श्राद्ध घालतो!

अपराध्यास पाठीशीं घाला, असें आम्ही म्हणत नाहीं. पण नाशिककडील २००३ च्या खुनांच्या खटल्यांत भटक्या जमातीचे सहा गरीब धरले गेले. २००९ सालीं सुप्रीम कोर्टानें सहाही जणांस फांशी सुनावली. २०१९ सालीं त्याच कोर्टानें सर्वांस निर्दोष सोडलें व प्रत्येकास ५ लाख रुपये देवविले. मधलीं सोळा वर्षें कोण देवविणार? आणि दहा वर्षांत अपिलाचा नाद सुटला असता, तर जीव कोणी देवविला असता?

म्हणून बायाबापड्यांनो, रडत बसूं नका. तुरुंगाधिकाऱ्यामार्फत अपील धाडतां येतें. वाशीमच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांत जा, १५१०० वर फोन करा. मिळालेल्या वकिलास विचारा: कैद्यास भेटलांत काय? निकाल वाचलात काय? हें दान नव्हे, आपल्याच कराचा पैसा आहे. दानापुढें हात जोडतात. हक्काचा हिशेब मागतात!