गोग्रासाचा विवेक

कारंजा तालुक्यातील कामरगाव असो वा पुण्यातील एखादी वसाहत, लग्नकार्य आटोपले की उरलेला भात, पोळ्या आणि गोडधोड गाईपुढे ओतण्यात आपण पुण्य मानतो. हे पुण्य गाईच्या जिवावर बेतू शकते.

गाय गवत खाते, पण ते पचवते तिच्या कोटीपोटातील सूक्ष्म जीवसृष्टी. तेथील एका मिलिलिटर द्रवात सुमारे एक हजार कोटी जीवाणू असतात. माणसाला न पचणारे तंतू ते फोडतात. त्यातून निर्माण होणाऱ्या आम्लांवरच गाईचे पोषण मुख्यत्वे चालते. त्याच पोटात एकाएकी ढीगभर शिजलेले धान्य गेले, की लॅक्टिक आम्ल वाढते, तंतू पचवणारे जीवाणू मरतात, जनावर रवंथ सोडते आणि प्रसंगी दगावते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये कोल्हापूरजवळील कणेरी मठात पन्नासहून अधिक गाई मृत्युमुखी पडल्या, तेव्हा शिळ्या अन्नाचेच कारण पुढे आले होते. श्रद्धेला ज्ञानाची जोड नसली, तर सेवेचाही घात होतो.

गोग्रास म्हणजे जेवणापूर्वी काढून ठेवलेला घास. पंगतीतले उरलेसुरले नव्हे. तो घासापुरताच असावा. पोट भरण्यासाठी गाईला कडबा, कुटार आणि चरायला गायरान हवे. गायरानावरील अतिक्रमणाकडे डोळेझाक करून गोमातेचा जयजयकार करणे, ही भक्ती नव्हे.