न दिसणाऱ्या कणांचा जमाखर्च

मुळशी धरणाच्या काठावर सूर्यास्तानंतर उभे राहिले की पुण्याच्या दिव्यांचा झगमगाट मागे राहतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिन्शान-अ‍ॅटलास हा धूमकेतू पश्चिमेस दिसत होता, तेव्हा तो पाहण्यासाठी अशीच काळोखी जागा हवी होती. सूर्य क्षितिजाखाली गेलेला, आणि शेपटी सूर्याच्या उलट दिशेला, वर आकाशाकडे. डोळ्यांना दिसते ती मुख्यत्वे धुळीची शेपटी. धूमकेतूला विद्युतभारित वायूची दुसरी, सरळ शेपटीही असते. या दुसऱ्या शेपटीवरूनच लुडविग बिअरमान या जर्मन शास्त्रज्ञाने १९५१ मध्ये अनुमान काढले की सूर्यापासून कणांचा प्रवाह अखंड वाहत असला पाहिजे. आज त्याला सौरवारा म्हणतात.

अवकाशातील अशा कणांची मोजदाद भारतात ज्यांनी नेटाने मांडली, ते डॉ. विक्रम साराभाई एका व्यापारी घराण्यातले होते. त्यांचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबादच्या कापडगिरणीमालक जैन कुटुंबात झाला. महायुद्धामुळे केंब्रिजहून परतावे लागले, तेव्हा त्यांनी बंगळुरूला सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या मार्गदर्शनाखाली विश्वकिरणांचा अभ्यास आरंभिला. हे किरण म्हणजे सूर्यमालेच्याही पलीकडून येणारे अतिवेगवान कण. ते मोजण्याची रीत पेढीवरच्या माणसाला चटकन समजेल अशी आहे. कण मोजणाऱ्या नळ्या एकाखाली एक ठेवायच्या, आणि सर्वांनी एकाच क्षणी नोंद केली तरच तो कण वहीत जमा धरायचा. एकट्या नळीची साक्ष ग्राह्य नाही. पुढे हवेच्या दाबाची वजावट. दाब वाढला की जमिनीपर्यंत पोहोचणारे कण घटतात, म्हणून तेवढी दुरुस्ती केल्याशिवाय आकडा खरा मानता येत नाही. एवढे करूनही तासागणिक, दिवसागणिक जी चढउतार उरते, ती कोठून येते? साराभाईंचे लक्ष या उरलेल्या फरकावर होते. त्यात सूर्याचा हात दिसत होता. दूरवरून येणारे कण सूर्याच्या प्रभावक्षेत्रातून जाताना त्याची खूण घेऊन येत होते.

केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून ते परतले आणि ११ नोव्हेंबर १९४७ रोजी अहमदाबादेत भौतिक संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. तिच्या पाठीशी कुटुंबाचा न्यास आणि अहमदाबाद एज्युकेशन सोसायटी होती; आरंभी जागा म्हणजे एका विज्ञान महाविद्यालयातल्या खोल्या. हवामान खात्यातून निवृत्त झालेले डॉ. के. आर. रामनाथन पहिले संचालक झाले. देश नुकताच स्वतंत्र झालेला, फाळणीच्या जखमा ताज्या, अन्नाची टंचाई. अशा वेळी न दिसणारे कण मोजण्यासाठी घरचा पैसा घालणे कोणत्या व्यवहारात बसते, असे विचारणारे तेव्हा नसतील असे मानणे कठीण आहे.

साराभाईंचे शिष्य उडुपी रामचंद्र राव पुढे अमेरिकेत गेले. १९६२ मध्ये शुक्राकडे गेलेल्या मरिनर-२ या यानाच्या नोंदींवरून सौरवारा सतत वाहतो, हे दाखवण्यात त्यांचा वाटा होता. धूमकेतूच्या शेपटीवरून बांधलेले अनुमान असे मोजमापाने सिद्ध झाले. मार्च १९८६ मध्ये जोतो हे युरोपीय यान हॅलेच्या धूमकेतूपासून सुमारे ६०० किलोमीटरवरून गेले. त्यावर आयरिश शास्त्रज्ञा सुसान मॅककेना-लॉलर यांचे इपोना हे कणमापक होते. धूमकेतूतून सुटलेला वायू विद्युतभारित होतो, सौरवारा त्याला ओढून नेतो आणि त्या ओढीत त्याचे कण वेगवान होतात. यान जवळ पोहोचण्याच्या कितीतरी आधी, लक्षावधी किलोमीटरवरच, असे कण यंत्रांना भेटू लागले होते.

हे ज्ञान केवळ कुतूहलापुरते राहिलेले नाही. मुळशीचे पाणी घाटाखाली भिरा येथे उतरते आणि १९२७ पासून त्यावर वीज तयार होते. मार्च १९८९ मध्ये सूर्यावरच्या उद्रेकाने पृथ्वीभोवती चुंबकीय वादळ उठले आणि कॅनडातील क्विबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास गेली. साठ लाख लोक अंधारात. विषुववृत्ताच्या जवळ असल्याने आपल्याकडे तारांना तितका धोका नाही. मात्र उपग्रह कोणत्याच प्रांताचे नसतात, आणि दुकानातला माल वाटेत कोठे आहे हे आज त्यांच्याच आधाराने कळते.

साराभाई ३० डिसेंबर १९७१ रोजी, अवघ्या ५२ व्या वर्षी गेले. त्यांच्या प्रयोगशाळेने घडवलेले अ‍ॅस्पेक्स हे कणमापक २ सप्टेंबर २०२३ रोजी आदित्य-एल१ यानातून निघाले आणि पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर जाऊन बसले. त्याच यानावर पुण्याच्या आयुका संस्थेची सूट ही सौरदुर्बीणही आहे. १० आणि ११ मे २०२४ रोजी वीस वर्षांतले सर्वांत मोठे चुंबकीय वादळ आले, तेव्हा सूट नेमकी देखभालीच्या अवस्थेत होती. अ‍ॅस्पेक्स मात्र जागे होते. लडाखमधील हानले येथे रात्रीचे आकाश तांबडे झाले, आणि त्यामागच्या कणांची नोंद त्याच्या खात्यात पडली.