पाट्या टाकायला शिकवतं कोण?

कामचुकारपणा हा माणसाच्या स्वभावातला दोष, असं आपण सहज धरून चालतो. संस्था चालवणाऱ्यांना तर हे मत फारच सोयीचं पडतं. निष्ठा कर्मचाऱ्यानं घरून डब्यासोबत आणायची आणि ती कमी पडली की दोष त्याच्या पिढीचा, संस्कारांचा, नाहीतर युनियनचा. ऑक्टोबर 2023 मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला 70 तास काम करायला सुचवलं, दाखला दिला महायुद्धानंतरच्या जपान-जर्मनीचा. जानेवारी 2025 मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी आकडा 90 वर नेला आणि रविवारी कामाला बोलावता येत नाही याची खंतही व्यक्त केली. (तो रविवार गिरणी कामगारांना 1890 मध्ये मिळाला, त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांचा लढा होता.) कार्यनिष्ठेशिवाय संस्था उभी राहत नाही, हे निर्विवाद. पण ती तासांत मोजता येते आणि माणूस ती तयार घेऊनच येतो, ही दोन्ही गृहीतकं चुकीची आहेत.

जपानचाच दाखला हवा असेल, तर जपानी कंपनीनं अमेरिकेत काय केलं ते पाहावं. कॅलिफोर्नियातल्या फ्रेमाँट इथला जनरल मोटर्सचा कारखाना 1982 मध्ये बंद पडला, तेव्हा तो बदनाम होता. रोज साधारण पाचातला एक कामगार गैरहजर, कामावर दारू, तक्रारींचे ढीग आणि बिघडलेल्या गाड्या. 1984 मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्सनं तिथेच भागीदारीत ‘न्यूमी’ सुरू केली. कामगारांपैकी बहुतेक जुनेच घेतले, युनियनही तीच ठेवली. तरी दांड्या दोन-तीन टक्क्यांवर आल्या आणि गाड्यांचा दर्जा टोयोटाच्या जपानमधल्या कारखान्याच्या जवळ पोचला. दोन वर्षांत कुणाचे संस्कार बदलत नाहीत. बदलली होती कामाची मांडणी. पूर्वी काहीही झालं तरी लाइन थांबवायची नाही, असा दंडक होता. चूक दिसली तरी गाडी पुढे ढकलायची, दुरुस्ती मागाहून. म्हणजे पाट्या टाकण्याचं रीतसर शिक्षणच. न्यूमीत प्रत्येकाच्या डोक्यावर एक दोरी आली. अडचण आली की ओढायची. टीमचा प्रमुख धावत येणार आणि गरज पडली तर अख्खी लाइन थांबणार. आपल्या हातून वाईट गाडी जाऊ न देण्याचा अधिकार मिळाला, तेव्हा आपल्या हातून चांगली गाडी जावी असं वाटण्याला काही अर्थ आला.

यावर एक आक्षेप येतो: नोकरी गेलेली माणसं भीतीनं सुधारली, त्यात व्यवस्थेचं कौतुक कसलं? भीतीनं पहिले काही महिने कळतील, पुढचं नाही. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी गाड्यांची मागणी घटली, तेव्हा न्यूमीनं कामगारांना काढलं नाही, रिकाम्या वेळात प्रशिक्षणाला बसवलं. उलट जनरल मोटर्सच्याच व्हॅन नाइस कारखान्यावर बंद पडण्याची टांगती तलवार होती, म्हणजे भीती भरपूर होती. तिथेही टीमपद्धत आणली गेली. पण साहेबांना आपले अधिकार सोडवेनात आणि कामगारांचा त्यांच्यावर विश्वास बसेना. 1992 मध्ये तो कारखाना बंद झाला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नोकरीची हमी दिली की निष्ठा येते, तर आपल्या सरकारी कचेऱ्यांत ती ओसंडून वाहायला हवी होती. तशी ती वाहत नाही, हे खरं. महाराष्ट्रानं 2005 मध्ये दप्तरदिरंगाईविरोधात कायदा केला. साधी फाइल एका टेबलावर सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असं त्यात लिहिलं. तरी फायली राहतातच. पण यातून हमी वाईट ठरत नाही, ती एकटी अपुरी ठरते. न्यूमीतल्या माणसाकडे हमीबरोबर दोरी होती. कारकुनाकडे हमी आहे, निर्णय नाही. त्यानं टिपणी लिहायची, ती चार टेबलं चढून वर जायची. चुकीच्या शेऱ्यासाठी चौकशी लागू शकते. फाइल पडून राहिली तर जबाबदारी चार टेबलांत वाटली जाते. अशा ठिकाणी फाइल दाबून ठेवणं हा आळस कमी आणि हिशेब जास्त असतो. शिवाय दिरंगाईबद्दल कारवाई करायची ती वरिष्ठानं, ज्याच्या स्वतःच्या टेबलावरही ढीग असतो.

कोणत्याही व्यवस्थेत मन लावून काम करणारी माणसं असतात, हे मान्यच. त्यांचं पुढे काय होतं, हे संस्थाचालकानं बघावं. वेळेत टेबल मोकळं करणाऱ्याकडे शेजारच्याच्या फायली सरकवल्या जातात, आणि बदलीची मुदत भरली की दोघंही गोपनीय अहवालातला तोच ‘चांगला’ शेरा घेऊन निघतात.