स्पॅनिशचा भूतकाळ मराठीतून

मराठी माणसाने स्पॅनिशचा भूतकाळ इंग्रजीतून शिकायचा म्हणजे पुण्याहून साताऱ्याला मुंबईमार्गे जायचं. माझी भाची पुण्यात स्पॅनिश शिकते आणि तिच्या वहीत हाच वळसा दिसतो. रूपं तोंडपाठ, पण कुठलं कधी वापरायचं याचा पत्ता नाही.

खरं तर नियमित क्रियापदांना साध्या भूतकाळात प्रत्ययांचे दोनच संच. 'आब्लार' म्हणजे बोलणे: आब्ले, आब्लास्ते, आब्लो, आब्लामोस, आब्लारोन. मी बोललो, बोललास, तो बोलला, आपण बोललो, ते बोलले. 'कोमेर' (खाणे) आणि 'विविर' (राहणे) यांना मिळून एकच संच: कोमी, कोमिस्ते, कोमिओ, कोमिमोस, कोमिएरोन. (स्पेनमध्ये 'तुम्ही'साठी आणखी एक रूप आहे, लॅटिन अमेरिकेत त्याचं काम आब्लारोन, कोमिएरोनच करतात.) 'बोललास' म्हटल्यावर आपण 'तू' वेगळा सांगत नाही, तसंच इथेही. इंग्रजीतून आलेला मात्र प्रत्येक वाक्याआधी 'यो, यो' करत बसतो.

उलट आपलंच क्रियापद कर्मामागे फरफटतं: भात खाल्ला, पोळी खाल्ली, आंबे खाल्ले. स्पॅनिशमध्ये काहीही खा, कोमी! जपायचं ते आघाताला. आऽब्लो म्हणजे मी बोलतो, आब्लोऽ म्हणजे तो बोलला.

आता खरी गोम. स्पॅनिशला दुसराही भूतकाळ आहे: आब्लाबा, कोमीआ, विवीआ. रूपं सोपी, अनियमित क्रियापदं तीनच (सेर, इर, वेर). पण इंग्रजी पुस्तकं इथे नियमांची यादी देतात, कारण इंग्रजीत बहुतेक वेळा दोन्हीकडे 'लिव्ह्ड' चालून जातं. आपल्याकडे 'राहिलो' आणि 'राहायचो' आहेत की! व्याकरणात त्याला रीती भूतकाळ म्हणतात. माझ्या प्रयोगशाळेतला मेक्सिकन तंत्रज्ञ त्याच्या सोडलेल्या गावाबद्दल सांगताना 'विवीआमोस' म्हणतो: आम्ही तिथे राहायचो. तोच हिशेब सांगताना 'विविमोस दिएस आन्योस' म्हणतो: दहा वर्षं राहिलो. काळ किती लांब याला महत्त्व नाही. गोष्ट मिटवून सांगायची की उघडी ठेवून, एवढाच प्रश्न, आणि तो मराठी कानाला आधीच कळतो.

जुळणी शंभर टक्के नाही, हे मान्य. 'पाऊस पडत होता' यालाही स्पॅनिशमध्ये हाच दुसरा भूतकाळ चालतो. पण म्हणजे आपली दोन रूपं त्यांच्या एकात बसतात, उलट नव्हे. भाचीला मी एवढंच कळवलंय की कोमीसमोर 'खाल्लं' लिही, कोमीआसमोर 'खायचो, खात होतो'. इंग्रजीचा रकाना खोडून टाक.